डिझरायलीची बट, ग्लॅडस्टनची कॉलर: व्हिक्टोरियन व्यंगचित्र कसं वाचायचं

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं राजकीय व्यंगचित्र वाचायचं असेल तर एकटं व्यंगचित्र समोर घेऊ नका. त्याच पुढाऱ्याचं रीतसर रंगवलेलं तैलचित्र शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. तैलचित्रात तो माणूस जगाला जसा दिसू इच्छित होता तसा उभा असतो. व्यंगचित्रात लोक त्याला ज्या खुणेवरून ओळखायचे ती खूण सापडते. या दोन्हींमधलं अंतर मोजणं म्हणजेच ते चित्र वाचणं.

मी परभणीत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची लेकरं माझ्याकडे येतात, आणि रविवारी अभ्यासिकेतली मोठी पोरं-पोरीही येतात. स्पर्धा परीक्षेसाठी त्यांनी इतिहास पाठ केलेला असतो, पण पुस्तकात चित्र आलं की पान उलटतात. सनावळी तोंडपाठ असलेल्या मुलाला चित्रातला माणूस वाकून का उभा आहे हे विचारलं की तो गप्प होतो. ही पद्धत अशाच मुलांसोबत बसून तयार झाली आहे. घरी एकट्याने करायलाही ती सोपी आहे.

आधी साहित्य. लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. ‘व्हॅनिटी फेअर’ या दुसऱ्या साप्ताहिकाची रंगीत चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर आहेत, आणि लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संकेतस्थळावर तैलचित्रं आहेत. मोबाइलवर फिरत आलेलं चित्र वापरू नका, कारण त्यात खालची ओळ आणि तारीख बहुतेक वेळा कापलेली असते आणि निम्मा अर्थ तिथेच असतो. पूर्ण पानाची मोठ्यात मोठी प्रत उतरवून घ्या आणि झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री कागदावर काढा. ‘पंच’चं चित्र काळं-पांढरं चालतं, ‘व्हॅनिटी फेअर’चं मात्र रंगीतच हवं. सोबत बटर पेपर, एचबी पेन्सिल आणि एक भिंग घ्या. एवढं पुरे.

अगदी नवख्या माणसाने सुरुवात जॉन लीच याच्या १८४३ सालच्या चित्रापासून करावी. लंडनमध्ये तेव्हा नवं संसद भवन उभं राहत होतं. भिंतींवर काढायच्या भव्य चित्रांच्या आराखड्यांचं प्रदर्शन सरकारने भरवलं होतं. लीचने त्यावर ‘पंच’मध्ये चित्र काढलं. त्यात फाटक्या कपड्यांतली गरीब माणसं आणि लेकरं दालनात उभी राहून सोनेरी चौकटीतल्या खात्यापित्या घरच्या लोकांची चित्रं बघताहेत. सोबतच्या मजकुराचा रोख सरळ होता: गरिबाने भाकर मागितली आणि सरकारने त्याला प्रदर्शन दिलं. या चित्राला कुठल्याच पुढाऱ्याची माहिती लागत नाही. आठवीतल्या पोरीलाही ते लगेच कळतं. आणि तैलचित्र व व्यंगचित्र यांचं नातं त्यात एका चौकटीत बसलंय.

आता खऱ्या जोडीकडे येऊ. पहिल्यांदा ब्रिटनचा पंतप्रधान राहिलेल्या बेंजामिन डिझरायलीलाच घ्या, कारण त्याचं साहित्य भरपूर सापडतं.

तैलचित्र घ्या जॉन एव्हरेट मिले याने १८८१ साली काढलेलं. डिझरायली तेव्हा म्हातारा आणि आजारी होता. मार्चमध्ये तो चित्रासाठी बसला आणि १९ एप्रिल १८८१ला गेला, चित्र त्यानंतर पुरं झालं. काळा लांब कोट आणि छातीवर बांधलेले हात. पाठीमागे बघण्यासारखं काही नाही. दोनच वर्षं आधी, १८७९ साली, याच मिलेने डिझरायलीचा कट्टर विरोधक आणि तोही पंतप्रधान राहिलेला विल्यम ग्लॅडस्टन रंगवला होता. तोही काळ्या कोटात आहे, पण हात पुढे एकमेकांत गुंफलेले आणि नजर दुसरीकडे लागलेली. दोन्ही चित्रं नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. मी मुलांना चेहरे झाकून फक्त हात बघायला लावते. एकाने स्वतःला मिटून घेतलंय, दुसरा बोलायच्या बेतात आहे, हे त्यांचं तेच सांगतात. तैलचित्र वाचताना हात, कपडे आणि पार्श्वभूमी या क्रमाने जा, चेहरा शेवटी. चेहऱ्याकडे आधी गेलात की बाकीचं दिसायचं थांबतं.

मग व्यंगचित्र. त्यावर बटर पेपर ठेवा आणि चित्रकाराने माणसावर काय चढवलंय तेवढंच पेन्सिलीने गिरवा. पूर्ण चित्र गिरवायचं नाही. डिझरायलीच्या बाबतीत कपाळावर उतरलेली काळी बट पहिल्यांदा हाताला लागते. तरुणपणी तो कुरळ्या केसांचा छानछोकी गडी होता. म्हातारपणी केस रंगवायचा. बट खरी होती, पण ती चित्राचं अर्धं काम करेल इतकी मोठी चित्रकारांनी केली. “मॅडम, ह्येच्या कपाळावर ह्ये काय लोंबायलंय?” असं एका मुलाने विचारलं होतं. त्याने पहिल्या नजरेत नेमकी खूण पकडली होती. इंग्लंडमधला वाचक दर आठवड्याला तीच बट बघून नाव न वाचता माणूस ओळखत होता.

खूण सापडली की पांढऱ्या कागदाच्या तुकड्याने ती झाका. माणूस अजून ओळखू येतो का बघा. येत असेल तर खूण दुसरीकडे आहे, पुन्हा शोधा.

खुणा तीन जातीच्या असतात आणि हा फरक करायला शिकाच. पहिली जात खरी, नुसती वाढवलेली. डिझरायलीची बट तशी. बर्मिंगहॅमचा पुढारी जोसेफ चेंबरलेन याचा एका डोळ्यावरचा चष्मा आणि कोटावरचं ऑर्किडचं फूलही तसंच. तो आपल्या घरी खरोखर ऑर्किड वाढवायचा. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल मुळातच ठेंगणा होता. लीचने त्याला १८५१ साली भिंतीवर खडूने घोषणा लिहून पळणारं पोर केलं, पोपविरोधाचा गाजावाजा करून नंतर माघार घेतली म्हणून. दुसरी जात चित्रकारांनी दिलेली. आणखी एक पंतप्रधान, लॉर्ड पामरस्टन, याच्या तोंडातली गवताची काडी अशी. घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन, कशानेही न डगमगणारा गडी, एवढं सगळं त्या काडीत यायचं. आणि तिसरी जात मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्यात चित्रकार खऱ्याचं बी घेऊन त्याचं झाड करतो. हॅरी फर्निसने ग्लॅडस्टनची कॉलर इतकी वाढवली की म्हातारा तिच्यात कानापर्यंत बुडालेला दिसू लागला. प्रत्यक्षात त्याची कॉलर इतकी मोठी नव्हती. ग्लॅडस्टन सभागृहात बाकावर खाली सरकून बसायचा, मान खांद्यात जायची आणि कॉलर वर यायची, ते फर्निसने टिपलं होतं. म्हणजे कॉलरमध्ये त्याचं बसणं आलं, थकणं आलं. पुढे लोक त्या कॉलरलाच ग्लॅडस्टन समजू लागले.

तारखेचं एक काम आहे, ते टाळू नका. ‘पंच’च्या अंकावर शनिवारची तारीख असते, पण अंक त्याआधीच्या बुधवारीच बाजारात यायचा. आणि मुख्य चित्राचा विषय त्याच्याही आधीच्या बुधवारी, संपादक-चित्रकारांच्या साप्ताहिक जेवणात ठरायचा. जॉन टेनिएल पन्नास वर्षं या साप्ताहिकासाठी चित्रं काढत होता. तो गुरुवारी विचार करून कच्चं रेखाटन करायचा, शुक्रवारी ते ट्रेसिंगने लाकडी ठोकळ्यावर उतरवायचा आणि दिवसभर त्यावर वाकून काम पुरं करायचा. मग ठोकळा कोरणाऱ्यांकडे जायचा. त्यामुळे छापील तारखेच्या साधारण दहा दिवस आधी काय घडलं होतं ते शोधायचं. अभ्यासिकेतली मुलं छापील तारखेचीच बातमी शोधत बसतात आणि चित्राचा घटनेशी मेळ लागत नाही म्हणतात.

भिंग इथे कामाला येतं. ‘पंच’च्या चित्रातली छाया आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीने केलेली असते. ठोकळा बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या लहान तुकड्यांचा, मागून बोल्टने जोडलेला असायचा. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना द्यायचे आणि नंतर पुन्हा जोडायचे. चांगल्या प्रतीत कधीकधी चित्रातून सरळ गेलेली केसासारखी पांढरी रेघ दिसते, ती त्या जोडाची. माझ्या विद्यार्थिनींना ही रेघ शोधायला फार आवडतं, आणि मलाही. टेनिएलच्या नावाने आपण जे बघतो त्यात कितीतरी अनाम हातांचं काम आहे, आणि ते कामगार त्या एका पांढऱ्या रेघेत डोळ्यांना दिसतात.

आता एक चित्र मुळापासून वाचू. १५ एप्रिल १८७६चा ‘पंच’, टेनिएलचं चित्र, नाव ‘न्यू क्राउन्स फॉर ओल्ड वन्स!’, म्हणजे जुने द्या, नवे मुकुट घ्या. डिझरायली पंतप्रधान आहे. राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ असा किताब देणारं विधेयक संसदेत आहे आणि त्यावरून वाद पेटलाय. चित्रात डिझरायली पूर्वेकडच्या फेरीवाल्याच्या वेशात वाकलाय. तो राणीला हिंदुस्थानचा नवा मुकुट देऊ करतोय आणि बदल्यात तिचा जुना ब्रिटिश मुकुट मागतोय.

रूपक अल्लाउद्दीनच्या गोष्टीतलं आहे. जादूगार गल्लीतून ‘जुने दिवे द्या, नवे घ्या’ ओरडत फिरतो आणि भोळी बाई चमचमत्या दिव्यासाठी जादूचा दिवा देऊन बसते. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत ही गोष्ट रंगमंचावर व्हायची, त्यामुळे वाचकांना ती पाठ होती. भारूड ऐकून वाढलेल्या माणसाला विंचू म्हणजे नुसता विंचू नव्हे हे समजावावं लागत नाही, तसं हे आहे. मूळ गोष्ट माहीत असेल तरच चित्राचा दावा कळतो. जादू जुन्या दिव्यात होती, तेव्हा टेनिएल म्हणतोय की किंमत जुन्या मुकुटाची आहे आणि राणी फसतेय. रूपक ओळखलं की ‘मूळ गोष्टीत नुकसान कुणाचं झालं?’ हा प्रश्न विचारा. चित्रकार कुठल्या बाजूला आहे ते त्या उत्तरात सापडतं.

फेरीवाल्याच्या वेशाबद्दल स्पष्ट बोला. डिझरायली ज्यू घरात जन्मला होता आणि बाराव्या वर्षी, १८१७ साली, त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो दोनदा पंतप्रधान झाला, तरी व्यंगचित्रकार त्याला परका, पूर्वेकडचा, सौदेबाज म्हणून काढत राहिले. खालच्या ओळीत शिवी नाही. ती कपड्यांत आहे. वर्गात हे झाकून पुढे गेलात तर मुलं तेवढी खोडी शिकतात आणि तिच्यामागचा द्वेष ओळखायचं राहून जातं.

यानंतर मी विचारते: मुकुट हिंदुस्थानचा आहे, मग या चित्रात हिंदुस्थानातलं कोण आहे? सगळे शोधतात आणि कुणीच सापडत नाही.

इथे आपल्या भागाचा धागा जोडता येतो. त्याच १८७६च्या उन्हाळ्यात निजामाचे दिवाण सालारजंग इंग्लंडमध्ये होते. परभणी, बीड, नांदेड, औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड १८५३ साली कंपनीने निजामाकडून आपल्या ताब्यात घेतलं होतं आणि ते परत मिळावं यासाठी सालारजंगांचा प्रयत्न होता. लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार बघणारा मंत्री होता लॉर्ड सॅलिसबरी, म्हणजे ‘पंच’मध्ये भली थोरली दाढी आणि वाकलेले खांदे घेऊन येणारा तोच. वऱ्हाड परत मिळालं नाही. सॅलिसबरी पुढे तीन वेळा पंतप्रधान झाला. त्याची दाढी बघताना मराठवाड्यातल्या वाचकाला वऱ्हाड आठवलं पाहिजे. ते आठवलं की हा परदेशातला जुना गमतीचा कागद राहत नाही.

हा धागा सांगितल्यावर मी मुलांना त्याच चित्राच्या कडेला, कोऱ्या समासात, राहून गेलेला माणूस काढायला सांगते. एका मुलीने राणीच्या मागे सालारजंग उभे केले. हातात लाल कापडात बांधलेली वही, वहीवर ‘वऱ्हाड’ आणि नजर मुकुटाकडे. रेघ कच्ची होती, हाताची बोटं जमली नव्हती, पण चित्राचा अर्थ तिने बदलून टाकला होता. आता तिथे सौदा होत होता आणि ज्याच्या मालाचा सौदा होता तो दारात उभा होता.

‘पंच’ने हिंदुस्थान काढलाच नाही असं नाही. २२ ऑगस्ट १८५७च्या अंकात टेनिएलने काढला. बंगालचा वाघ एका बाईवर आणि तिच्या लेकरावर उभा आहे आणि ब्रिटनचा सिंह त्याच्यावर झेप घेतोय. आयर्लंडच्या बंडखोरांनाही त्याने माकडासारखे चेहरे दिले, १८८२च्या ‘आयरिश फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तर राक्षसच केला. ही चित्रं तुमच्या जोडीशेजारी ठेवा. ग्लॅडस्टनच्या वाट्याला स्वतःची कॉलर आली, डिझरायलीला स्वतःची बट मिळाली, पामरस्टनला काडी. टिंगल झाली तरी ती एका माणसाची टिंगल होती आणि त्याला नाव होतं. आपल्या वाट्याला नाव आलं नाही, जनावर आलं. कोण माणूस आणि कोण जनावर हे प्रत्येक चित्रात तपासाच. रेषा सुंदर असतात आणि त्या सुंदर असण्यामुळेच ही गोष्ट नजरेतून निसटते. टेनिएलचा वाघ मला रेखाटन म्हणून आजही अप्रतिम वाटतो, आणि तो बघताना मनात कालवाकालवही होते.

‘व्हॅनिटी फेअर’ वेगळ्या पद्धतीने वाचावं लागतं. १८६८ साली हे साप्ताहिक निघालं आणि ३० जानेवारी १८६९ला त्यात पहिलं रंगीत शिळाछाप (दगडावरून छापलेलं) व्यंगचित्र आलं ते डिझरायलीचं, पुढच्याच आठवड्यात ग्लॅडस्टनचं. काढणारा कार्लो पेलेग्रिनी हा इटालियन ‘एप’ अशी सही करायचा. इथे प्रसंग नसतो, रूपक नसतं. मोकळ्या पार्श्वभूमीवर एकटा माणूस उभा असतो. त्यामुळे उभं राहण्याची ढब हाच मजकूर. चित्रातला माणूस स्वतः उठून तसाच उभा राहून बघा, वजन कुठल्या पायावर आहे ते शरीराला कळतं. मी हे वर्गात करून घेते आणि लाजणारी मुलंही रंगून जातात.

खालची एक ओळ शेवटी वाचा. ग्लॅडस्टनच्या चित्राखाली लिहिलं होतं की हा माणूस थोडा वाईट असता तर अधिक चांगला राज्यकर्ता झाला असता. ही ओळ आधी वाचली की डोळा तिच्याच तालावर चालतो.

१८७३पासून लेस्ली वॉर्ड ‘स्पाय’ या सहीने काढू लागला आणि हळूहळू त्याची चित्रं मवाळ होत गेली. त्यातली उत्तरार्धातली बरीच चित्रं मला व्यंगचित्रं वाटतच नाहीत, रुबाबदार रंगीत तसबिरी वाटतात. ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये येणं हा मान होऊन बसला होता, आणि मान देणाऱ्याचा हात फार कठोर राहत नाही. शिकायला घ्यायचं तर पेलेग्रिनी घ्या.

जुन्या वस्तूंच्या दुकानात असं एखादं चित्र अस्सल म्हणून दाखवलं तर भिंग लावा. ठिपक्यांची एकसारखी, नियमित नक्षी दिसली तर ते अलीकडचं ऑफसेट छपाईचं आहे. जुन्या शिळाछापात रंगाचे कण विस्कळीत, दगडाच्या पोतासारखे दिसतात. मूळ पान साधारण १५ बाय १० इंचांचं असतं. अस्सल निघालं तर काचेला चिकटू देऊ नका, उन्हाच्या भिंतीवर लावू नका. आपल्याकडचा एप्रिल-मे रंग खातो आणि पावसाळ्यात कसर लागते.

वाचून झालं की वहीत प्रत्येक जोडीसाठी पाच ओळी लिहा: छापील तारीख आणि त्याआधीची घटना, खूण आणि तिची जात, रूपक कुठून आलं आणि मूळ गोष्टीत कोण हरलं, तैलचित्रातलं काय व्यंगचित्राने उलटं केलं, आणि चित्रात कोण नाही. परीक्षेत चित्रावर प्रश्न आला तर याच ओळी उत्तर म्हणून चालतात. पाचवी ओळ कधीच कोरी सोडू नका.

डिझरायली झाला की सॅलिसबरी घ्या. तैलचित्र मिलेचंच आहे, १८८३चं. व्यंगचित्रं १८८८ ते १८९२ या काळातली शोधा. १८८८ साली एडिंबरोच्या भाषणात त्याने दादाभाई नौरोजींना ‘काळा माणूस’ म्हटलं, आणि १८९२ साली दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून येऊन त्याच संसदेत जाऊन बसले. आणि डिझरायलीचंच पुढचं पान हवं असेल तर ऑगस्ट १८७६च्या ‘पंच’मधलं ‘एम्प्रेस अँड अर्ल’ काढा. एप्रिलमधला फेरीवाला तिथे राणीकडून स्वतःसाठी सरदारकीचा मुकुट घेतो आहे. दोन्ही पानं शेजारी लावा आणि बटर पेपर पुन्हा हातात घ्या.